भाषेला आई असते, जात नसते

आमच्या वस्तीतल्या समाजमंदिरात संध्याकाळी मुलांचा अभ्यासवर्ग चालतो. कचेरी सुटली की आम्ही तासभर तिथे बसतो. इंग्रजीचे पुस्तक उघडले की एखादे चौकस पोर हमखास विचारते, "सर, 'थ्री' आणि 'तीन', 'टू' आणि 'दोन', 'नेम' आणि 'नाव' हे शब्द इतके सारखे कसे? इंग्रजांनी आपल्याकडून नेले की आपण त्यांच्याकडून घेतले?"

हीच गोष्ट काही शिकलेली मोठी माणसे वेगळ्या तऱ्हेने सांगतात. युरोपचे लोक आणि आपल्याकडचे ठरावीक वरचे लोक म्हणे एकाच 'आर्य' रक्ताचे, म्हणून त्यांच्या भाषा सारख्या! मुलांचा प्रश्न रास्त आहे. मोठ्यांचे उत्तर मात्र खोटे आहे, आणि त्या खोट्यापायी जगात फार रक्त सांडले आहे. म्हणून या खेपेला आम्ही युरोपातल्या भाषांच्या घराण्याची हकीकत सांगणार आहोत. वाचकहो, नावे थोडी परकी वाटतील, पण गोष्ट घरचीच आहे.

गोव्यातून गेलेली पत्रे

हे साम्य ज्या युरोपियनांच्या प्रथम लक्षात आले, त्यांतले दोघे आपल्या शेजारी गोव्यातच राहत होते. एक इंग्रज पाद्री थॉमस स्टीफन्स. मराठीत 'क्रिस्तपुराण' लिहिणारे ते हेच. ते पुराण १६१६ साली छापले गेले. त्यांनी १५८३ मध्ये आपल्या भावाला पत्रातून कळवले की, इकडच्या भाषांची ठेवण ग्रीक आणि लॅटिनसारखी आहे. दुसरा इटलीतल्या फ्लॉरेन्सचा व्यापारी, फिलिप्पो सास्सेत्ती. त्याने १५८५ च्या सुमारास घरी लिहिले की इथले देव, सर्प, सप्त, अष्ट, नव हे शब्द आमच्या दिओ, सेर्पे, सेत्ते, ओत्तो, नोवे या शब्दांसारखे आहेत. पत्रे गेली, पण त्यावर पुढे कोणी काम केले नाही.

दोनशे वर्षांनी कलकत्त्याच्या सुप्रीम कोर्टाचे न्यायाधीश सर विल्यम जोन्स यांनी २ फेब्रुवारी १७८६ रोजी एशियाटिक सोसायटीपुढे भाषण केले. संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन या तिन्ही भाषा एकाच मूळ भाषेतून निघाल्या असाव्यात आणि ती मूळ भाषा बहुधा आता उरलेली नाही, असे ते म्हणाले. या वाक्यातली मेख नीट ध्यानात घ्यावी. संस्कृत ही सगळ्यांची आई, असे जोन्स म्हणाले नाहीत. संस्कृत, ग्रीक, लॅटिन या बहिणी, आणि आई वेगळीच. पुढच्या अभ्यासाने हेच खरे ठरले.

हिशेबाचा ताळा

दोन शब्द सारखे दिसले म्हणजे ते सख्खेच, असे नाही. आमची हयात हिशेबाच्या वह्या तपासण्यात गेली. एखादी रक्कम दोन वह्यांत योगायोगानेही जुळते. पण पान उलटावे आणि प्रत्येक पानाचा ताळा जुळत जावा, तेव्हाच दोन्ही वह्या एकाच दुकानाच्या असे म्हणता येते.

इंग्रजीत 'बॅड' म्हणजे वाईट. फारसीत 'बद' म्हणजेही वाईट. आपल्या 'बदनाम' शब्दात तोच आहे. पण या दोघांचे काहीही नाते नाही. तो निव्वळ योगायोग आहे. दुसरी गोष्ट उसनवारीची. पगार, चावी, पाव, बटाटा, घमेले हे शब्द आपण पोर्तुगिजांकडून घेतले. शेजारणीकडून वाटीभर साखर आणली म्हणून कोणी तिची बहीण होत नाही, तसे हे शब्द आणल्याने मराठी पोर्तुगीजची लेक होत नाही.

खरे नाते कशाने ठरते? आवाजांच्या शिस्तीने. डेन्मार्कच्या रास्मुस रास्क यांनी १८१८ मध्ये आणि जर्मनीच्या याकोब ग्रिम यांनी १८२२ मध्ये ही शिस्त दाखवून दिली. 'हिमगौरी आणि सात बुटके' ही गोष्ट मुलांना ठाऊक आहे. ती गोळा करणाऱ्या दोघा भावांतला थोरला तो हा ग्रिम. त्याने दाखवले की लॅटिनमध्ये जिथे प आहे तिथे इंग्रजीत फ येतो, त च्या जागी थ येतो, क च्या जागी ह येतो आणि द च्या जागी ट येतो. पातेर म्हणजे बाप, त्याचे इंग्रजीत फादर. त्रेस म्हणजे तीन, त्याचे थ्री. केन्तुम म्हणजे शंभर, त्याचे हंड्रेड. दुओ म्हणजे दोन, त्याचे टू. एकदा नव्हे, पानामागून पान असा ताळा जुळतो.

सायकलचे 'पॅडल' आणि पायाचा 'फूट' हे शब्द याच घरचे. पॅडल लॅटिनमधून आले म्हणून त्यात प राहिला, आपल्या 'पाद' आणि 'पाय' यांच्यासारखाच. फूट हा इंग्रजीचा स्वतःचा, म्हणून त्यात फ झाला. तसेच दाताच्या डॉक्टरला 'डेंटिस्ट' म्हणतात आणि दाताला 'टूथ'. मुलांना हे सांगून पाहावे, शब्द पाठ करण्याचे निम्मे ओझे उतरते.

घराणे आणि शेजारी

या घराण्याला भारत-युरोपीय भाषाकुल म्हणतात. युरोपात त्याच्या काही मोठ्या शाखा आहेत. लॅटिनच्या लेकी म्हणजे इटालियन, फ्रेंच, स्पॅनिश, पोर्तुगीज आणि रुमानियन. जर्मानिक शाखेत जर्मन, इंग्रजी, डच, स्वीडिश, डॅनिश, नॉर्वेजियन. स्लाव शाखेत रशियन, युक्रेनियन, पोलिश, चेक, सर्बियन, बल्गेरियन. केल्टिक शाखेत आयर्लंडची आयरिश आणि वेल्सची वेल्श. बाल्टिक शाखेत आज लिथुआनियन आणि लाटवियन एवढ्या दोनच उरल्या आहेत. ग्रीक आणि अल्बेनियन या आपापल्या शाखेत एकट्या. पूर्वेकडे याच घराण्यात फारसी, संस्कृत, पाली, प्राकृत, हिंदी, बंगाली आणि आपली मराठी येते.

पण युरोपात राहणारे सगळेच या घराण्यातले नाहीत. फिनलंडची फिनिश, एस्टोनियाची एस्टोनियन आणि हंगेरीची हंगेरियन हे निराळेच घराणे आहे. माल्टा बेटावरची माल्टीज रोमन लिपीत लिहितात, पण ती अरबीची नातलग आहे. स्पेन आणि फ्रान्सच्या सीमेवर बास्क नावाची भाषा आहे, तिला तर जगात कोणी जिवंत नातलगच सापडलेला नाही.

चुकांच्या यादीतून निघालेल्या भाषा

आता आम्हाला सर्वांत महत्त्वाची वाटणारी हकीकत. इटालियन, फ्रेंच, स्पॅनिश या आज जगात मानाच्या भाषा. त्या लॅटिनमधून आल्या हे खरे, पण कोणत्या लॅटिनमधून? पंडितांच्या आणि वक्त्यांच्या ग्रंथांतल्या नव्हे. त्या आल्या शिपाई, शेतकरी, हमाल, गुलाम आणि बाजारात बसणाऱ्या बायका यांच्या तोंडच्या बोलीतून.

याचा लेखी पुरावा आहे. सुमारे दीड हजार वर्षांपूर्वी कोण्या अनामिक लॅटिन मास्तराने चुकांची एक यादी केली. तिच्यात २२७ नोंदी आहेत. 'असे म्हणा, तसे म्हणू नका' असा तिचा थाट. कानाला 'आउरिस' म्हणा, 'ओरिक्ला' म्हणू नका. डोळ्याला 'ओकुलुस' म्हणा, 'ओक्लुस' म्हणू नका. गरम म्हणजे 'कालिदा', 'काल्दा' नव्हे. आरशाला 'स्पेकुलुम' म्हणा, 'स्पेक्लुम' नको.

लोकांनी मास्तराचे ऐकले नाही. त्यांना शाळाच नव्हती, ऐकणार कुठून? आज इटलीत कानाला 'ओरेक्कियो' म्हणतात, स्पेनमध्ये 'ओरेखा', फ्रान्समध्ये 'ओरेय'. तिन्ही शब्द त्या चुकीच्या 'ओरिक्ला'पासून आलेले. इटालियनमध्ये गरम म्हणजे आजही 'काल्दा'. फ्रेंचमध्ये डोक्याला 'तेत' म्हणतात. तो शब्द 'तेस्ता' म्हणजे मातीचे मडके यापासून आला. कोणीतरी थट्टेने डोक्याला मडके म्हटले आणि तेच पुढे प्रतिष्ठित झाले! मास्तराने ज्याला अडाणीपणा म्हटले, त्यातच पुढे राजांनी कायदे लिहिले आणि कवींनी काव्य केले.

इ.स. ८१३ मध्ये फ्रान्समधल्या तूर गावी धर्मगुरूंची परिषद भरली. तिथे त्यांना ठराव करावा लागला की प्रवचने लोकांच्या गावठी बोलीत सांगावीत, म्हणजे सर्वांना समजतील. लॅटिन लोकांना कळेनाशी झाली आहे, हे वरच्यांनी त्या दिवशी कबूल केले.

हाच प्रवास आपल्याकडेही झाला. संस्कृतात सप्त आणि अष्ट, पालीत सत्त आणि अट्ठ, मराठीत सात आणि आठ. तिकडे लॅटिनमध्ये सेप्तेम आणि ओक्तो, इटालियनमध्ये सेत्ते आणि ओत्तो. हजारो मैलांवरच्या दोन लोकांनी जिभेला जड जाणारी जोडाक्षरे एकाच रीतीने मऊ केली. हा भ्रष्टपणा नव्हे. जिवंत माणसाच्या जिभेची ही सहज चाल आहे.

राखणारा एक, खाणारा दुसरा

इंग्रजीचेही तसेच. १०६६ साली फ्रान्सच्या नॉर्मंडीतून आलेल्या विल्यमने इंग्लंड जिंकले. दरबार, कोर्ट आणि जमीनदारी यांत फ्रेंच बोलली जाऊ लागली. इंग्रजी राहिली शेतात आणि गोठ्यात. त्याची खूण आजच्या शब्दांतही दिसते. गोठ्यातली गाय 'काऊ' आणि ताटातले तिचे मांस 'बीफ'. मेंढी 'शीप' आणि तिचे मांस 'मटन'. डुक्कर 'पिग' आणि त्याचे मांस 'पोर्क'. जनावराचे नाव राखणाऱ्या गड्याच्या भाषेतले, मांसाचे नाव खाणाऱ्या धन्याच्या भाषेतले. आपण रविवारी ज्याला मटण म्हणतो, तो शब्द असा फ्रेंच ताटातून इंग्रजीत आणि इंग्रजीतून आपल्याकडे आला. इंग्रजीत आज निम्म्याहून जास्त शब्द फ्रेंच-लॅटिनमधले आहेत. तरी आई, पाणी, भाकरी, खाणे, झोपणे हे घरचे शब्द तिचे स्वतःचे राहिले. भाषेचे कूळ दिवाणखान्यावरून ठरत नाही, चुलीवरून ठरते.

लिथुआनियाच्या झोपड्यांत

भारत-युरोपीय घराण्यातल्या आजच्या जिवंत भाषांपैकी सर्वांत जुनी रूपे जपणाऱ्या भाषांत लिथुआनियनचे नाव पहिले घेतात. अग्नीला ती 'उग्निस' म्हणते, दाताला 'दान्तिस', धुराला 'दूमस', मधाला 'मेदुस', दिवसाला 'दिएना'. हे कोणी जपले? सरदार-जमीनदार तर पोलिश बोलू लागले होते. जपले ते शेतकऱ्यांनी. भाषांची वंशावळ झाडासारखी काढून दाखवणारे आउगुस्ट श्लायखर प्राग विद्यापीठात प्राध्यापक होते. ते १८५२ मध्ये प्रशियातल्या लिथुआनियन खेड्यांत गेले, शेतकऱ्यांच्या तोंडून भाषा ऐकून टिपून घेतली आणि १८५६ मध्ये त्यावर ग्रंथ काढला. विद्यापीठ झोपडीत शिकायला आले ते असे.

याच भाषेवर रशियाच्या झारने १८६४-६५ पासून बंदी घातली. रोमन लिपीत लिथुआनियन छापायचे नाही, असा हुकूम होता. तेव्हा साधी माणसे सीमेपलीकडे प्रशियात छापलेली पुस्तके पोत्यांत आणि गवताच्या गाड्यांत लपवून रात्री आणत. पकडलेल्यांना सैबेरियात धाडले जाई, काहींना गोळ्या घातल्या गेल्या. तरी पुस्तके येत राहिली. १९०४ मध्ये झारला बंदी उठवावी लागली. आपली भाषा आपल्या अक्षरांत वाचता यावी एवढ्यासाठी गरिबांनी चाळीस वर्षे जीव धोक्यात घातला.

मूळ घर आणि रक्ताचा गोंधळ

मग सगळ्यांची ती आई कुठली? तिचा एकही लेख सापडलेला नाही, कारण तिच्या काळी ती बोलणाऱ्यांत लिपीच नव्हती. लेकींच्या शब्दांवरून तिचा अंदाज करतात. चाकाचा शब्द पाहा. संस्कृत 'चक्र', ग्रीक 'कुक्लोस', इंग्रजी 'व्हील' हे एकाच मुळाचे. चाक सुमारे साडेपाच हजार वर्षांपूर्वी वापरात आले. तेव्हा या शब्दाचा वारसा ज्या शाखांना मिळाला, त्या त्याच्या फार आधी वेगळ्या झाल्या नसणार. लिथुआनियात जन्मलेल्या पुरातत्त्वज्ञ मारिया गिम्बुटास यांनी १९५६ मध्ये मांडले की हे मूळ घर काळ्या समुद्राच्या उत्तरेकडच्या गवताळ प्रदेशात होते. कॉलिन रेनफ्रू यांनी १९८७ मध्ये ते आजच्या तुर्कस्तानातल्या शेतकऱ्यांत असल्याचे सांगितले. २०१५ मध्ये जुन्या हाडांतल्या डीएनएची तपासणी प्रसिद्ध झाली. सुमारे साडेचार ते पाच हजार वर्षांपूर्वी गवताळ प्रदेशातून मोठ्या संख्येने लोक युरोपात आले, हे तिने दाखवले. त्यामुळे आज बहुतेक अभ्यासकांचा कौल गवताळ प्रदेशाकडे आहे. वाद पूर्ण मिटलेला नाही.

पण त्याच तपासणीने रक्ताच्या शुद्धतेचा फुगा फोडला. आलेले लोक आधीच्या शेतकऱ्यांत आणि शिकाऱ्यांत मिसळून गेले. बास्क लोकांच्या पूर्वजांतही गवताळ प्रदेशातले लोक मिसळलेले आहेत, तरी त्यांची भाषा या घराण्यातली नाही. उलट हंगेरियन भाषा इ.स. ८९५ च्या सुमारास बाहेरून आली, पण आजचे बहुतेक हंगेरियन लोक वंशाने आपल्या शेजाऱ्यांसारखेच आहेत. आयर्लंडचे बहुसंख्य लोक आज इंग्रजी बोलतात, म्हणून ते इंग्रज झाले का? रक्त जन्माने येते. भाषा कानाने येते. तान्हे मूल ज्या घरात वाढेल त्या घरची भाषा बोलेल.

'आर्य' हा शब्द वेदकाळच्या आणि इराणच्या लोकांनी स्वतःसाठी वापरलेला. एकोणिसाव्या शतकात युरोपियनांनी तो सगळ्या भाषाकुलाला लावला आणि मग भाषेवरून उचलून रक्ताला चिकटवला. स्वतः माक्स म्युलर यांनी १८८८ मध्ये बजावले की आर्य हे भाषेचे नाव आहे, वंशाचे नव्हे. बाबासाहेबांनीही १९४६ च्या 'शूद्र पूर्वी कोण होते?' या ग्रंथात ऋग्वेदाचे दाखले तपासून दाखवले की तिथे 'आर्य' हा शब्द वंशाच्या अर्थाने आलेला नाही.

जर्मनीत हिटलरने ते ऐकले नाही. आर्य रक्ताच्या नावाने साठ लाख ज्यू मारले गेले, आणि त्यांच्याबरोबर रोमा लोकही. हे रोमा कोण? सुमारे हजार वर्षांपूर्वी भारतातून निघून युरोपभर फिरणारे कष्टकरी लोक. त्यांच्या रोमानी भाषेचे मूळ भारतात आहे, हे जर्मन अभ्यासकांनीच १७८२-८३ मध्ये छापले होते. पाण्याला ते 'पानी' म्हणतात, कानाला 'कान', नाकाला 'नाख', मिठाला 'लोन', सुरीला 'चुरी'. म्हणजे भाषेने पाहिले तर युरोपात खरोखर 'आर्य' शाखेची भाषा बोलणारे हेच! त्यांनाच आर्यत्वाच्या नावाने छावण्यांत कोंडले. २ ऑगस्ट १९४४ च्या रात्री आउश्वित्झमध्ये चार हजारांहून अधिक रोमा, त्यांत म्हातारी माणसे आणि लेकरे, एका रात्रीत विषारी वायूने मारली गेली. युरोपियन संसदेने २०१५ मध्ये हा दिवस त्यांच्या स्मरणाचा म्हणून मान्य केला. भाषेच्या शास्त्रातून कोणी उच्च-नीचता काढू लागला, तर त्याला ही रात्र सांगावी.

घरातली बोली आणि परीक्षेतली भाषा

वाचक बंधू-भगिनींनो, हे सारे वाचून आपण काय करायचे? आपल्या पोराने वर्गात 'पानी' म्हटले की हसणारे अजून आहेत. त्या पोराला सांगा की संस्कृतात आणि पालीत हा शब्द 'पानीय' आहे, त्यात न च आहे. हिंदीत 'पानी', युरोपातल्या रोमांच्या तोंडी 'पानी'. मराठीने न चा ण केला, हा मराठीचा नियम झाला. तेव्हा 'पानी' म्हणणे हा गुन्हा नव्हे आणि अक्कल कमी असल्याची खूणही नव्हे.

मात्र त्याच पोराला हेही सांगा की पेपरात 'पाणी'च लिहायचे. प्रमाण भाषा ही कचेरीची आणि परीक्षेची चावी आहे, ती आपल्या हातात हवीच. इंग्रजीही हवी. ती काही कोण्या वरच्या रक्ताची मिरास नाही. ती आपल्या भाषेची दूरची चुलत बहीण आहे आणि कोणे एके काळी तीही गोठ्यातच राहत होती. प्रमाण भाषा कमवावी, पण घरच्या बोलीची लाज मुलाच्या मनात शिरू देऊ नये.

एक वही करावी. डाव्या पानावर आजीच्या तोंडचे शब्द, उजव्या पानावर पुस्तकातले. जमले तर बाजूला हिंदी, पाली, इंग्रजी. पोरांनीच जोड्या लावाव्यात, आणि कुठला शब्द सख्खा, कुठला उसना आणि कुठला नुसता योगायोग, ते त्यांनीच ठरवावे. महिन्याभरात इंग्रजीची भीती कमी झालेली दिसेल, आणि आजीकडे पाहण्याची नजरही बदललेली दिसेल.